रांगेचे गणित रांगेतल्यांनी मांडावे

कापसाच्या हंगामात खरेदी केंद्रासमोर गाड्यांची रांग लागली, की कारण एकच सांगितले जाते: आवक फार झाली. एकाधिकार खरेदीच्या दिवसांत केंद्रांपुढे बैलगाड्या मुक्कामाला असत, तेव्हा हेच ऐकले. २०१७ साली शेतकरी तूर घेऊन बाजार समित्यांच्या आवारात दिवसेंदिवस बसले, तेव्हाही हेच ऐकले. पीक बुडाले तर निसर्गाची अवकृपा, पीक आले तर शेतकऱ्याने गर्दी केली. दोन्ही वेळा खरेदी करणारा नामानिराळा.

आमचे म्हणणे असे, की 'आवक फार झाली' हे रांगेचे कारण नव्हे, ते रांगेचे दुसरे नाव आहे. रांग का लागते, किती लांबेल, कोठे एक माणूस किंवा एक काटा वाढवला तर ती किती तुटेल, हे हंगामाआधी काढता येते. ते काढण्याची विद्या साठ वर्षांहून जुनी आहे. कारखाने, बंदरे, विमानतळ, दवाखाने, रेल्वे यांच्यासाठी ती रोज वापरली जाते. इंग्रजीत तिला 'डिस्क्रीट-इव्हेंट सिम्युलेशन' म्हणतात. नाव बोजड आहे, पण मामला साधा आहे. आपण तिला 'सुट्या घटनांची नक्कल' म्हणू. खऱ्या कामाची एक नक्कल कागदावर किंवा संगणकात उभी करायची, तिच्यात गाड्या सोडायच्या आणि रांग कोठे लागते ते बघायचे. खरा काटा विकत घेण्याआधी खोटा काटा चालवून बघायचा, एवढेच.

ही विद्या समजून घेण्यासाठी आधी रत्नागिरीला जाऊ.

रत्नागिरी कशासाठी?

रत्नागिरी जिल्हा कापसाचा नाही, ज्वारीचाही नाही. तिथला शेतकरी भात, नाचणी, आंबा, काजू करणारा. पाऊस आपल्या तीन-चार पट. तरीही आपल्या प्रश्नाचे उत्तर तिथे उघड्यावर मांडलेले दिसते, कारण तिथे एक रांग अशी आहे, की जिचा हिशेब ठेवणे मालकाला भागच आहे. ती रांग म्हणजे कोकण रेल्वेवरच्या गाड्यांची.

कोकण रेल्वे महामंडळ १९९० साली स्थापन झाले, पहिले अध्यक्ष ई. श्रीधरन. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण खुला झाला. रत्नागिरीच्या आसपासच त्यातली अवघड कामे आहेत: साडेसहा किलोमीटर लांबीचा करबुडे बोगदा आणि चौसष्ट मीटर उंचीचा पानवल नदीवरचा पूल. एवढे डोंगर फोडून जो मार्ग झाला, तो एकेरी झाला. एकच रूळजोडी. मुंबईकडून येणारी गाडी आणि गोव्याकडून येणारी गाडी, दोघींना तीच.

एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्या एकमेकींना ओलांडू शकतात त्या फक्त स्टेशनात. एक गाडी बाजूच्या लूप लाइनवर उभी करायची, दुसरीला जाऊ द्यायचे, मग पहिलीला सोडायचे. कोकणात जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला हे शब्द पाठ असतात: 'गाडी क्रॉसिंगला थांबली आहे.' दोन स्टेशनांमधला मार्गाचा तुकडा हा आपल्या वजनकाट्यासारखाच आहे. एका वेळी एकच गाडी त्यावर चढू शकते, बाकीच्यांनी खाली थांबायचे. कोकण रेल्वे म्हणजे एकापुढे एक ठेवलेल्या काट्यांची माळ, आणि गिऱ्हाईक दोन्ही टोकांनी येते.

हिशेबासाठी धरू, की दोन स्टेशनांत १५ किलोमीटर अंतर आहे आणि मालगाडी ताशी ४५ किलोमीटरने जाते. तुकडा ओलांडायला तिला २० मिनिटे लागतात. ती २० मिनिटे समोरची गाडी पुढच्या स्टेशनात उभी. मधोमध आणखी एक स्टेशन काढले, तर तुकडा निम्मा होतो आणि खोळंबा १० मिनिटांवर येतो. पण गोष्ट इथे संपत नाही. या गाडीला झालेला उशीर पुढच्या क्रॉसिंगला दुसऱ्या गाडीला लागतो, तिचा तिसरीला, आणि रत्नागिरीला झालेला खोळंबा मडगावला जाऊन पोचतो. म्हणून मधले एक स्टेशन वाढवून नेमका किती वेळ वाचेल, हे बोटांवर मोजता येत नाही. सगळ्या गाड्या, सगळे तुकडे, सगळी स्टेशने एकत्र चालवून बघावी लागतात. ते खऱ्या गाड्या घेऊन करता येत नाही. नकलेत करता येते. मुंबईच्या आयआयटीतील नारायण रंगराज, अभिराम रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेल्वेमार्गाची क्षमता काढणारा असाच एक सिम्युलेटर रचला आणि त्यावरचा निबंध २००३ साली मांडला.

कोकण रेल्वेने पुढे मार्गात दहा नवी स्टेशने काढली. कळंबणी, कडवई, वेरवली ही त्यांपैकी रत्नागिरी जिल्ह्यातली. रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा टप्पा ऑगस्ट २०२१ मध्ये दुहेरी झाला. पुढचा बहुतेक मार्ग एकेरीच आहे, कारण करबुड्यासारखा बोगदा दुसऱ्यांदा खणायचा तर तो खर्च सोसवणारा नाही. जिथे खणणे महाग, तिथे आधी मोजणे स्वस्त पडते. पावसाळ्यात दरडींच्या भीतीने गाड्यांचा वेग कमी करतात आणि वेळापत्रकच वेगळे लावतात. २००३ च्या जून महिन्यात वैभववाडीजवळच्या अपघाताने हा धडा फार महाग शिकवला. वेग बदलला, की प्रत्येक क्रॉसिंगची जागा बदलते. म्हणजे सगळे गणित पुन्हा मांडायचे.

रेल्वे हे गणित मांडते, कारण उभ्या गाडीचा खर्च रेल्वेच्याच वहीत पडतो. इंजिन अडकते, डबे अडकतात, चालकाच्या ड्युटीचे तास संपतात. आत बसलेल्या प्रवाशाचा वेळ मात्र कोणाच्याच वहीत नाही. हा फरक लक्षात ठेवावा. पुढे तो लागणार आहे.

विद्या काय आहे?

आपण आपल्या हंगामाची हकीकत सांगतो ती कशी? एकशे ऐंशी दिवस एकेक करून सांगत नाही. मृगात पेरले, मग पाऊस ओढला, दुबार पेरणी झाली, दोन डवरण्या झाल्या, दसऱ्याला पहिली वेचणी. मधल्या दिवसांत काही घडले नाही म्हणून ते सोडून दिले. संगणकातली नक्कल अगदी अशीच चालते. तिचे घड्याळ मिनिटामिनिटाने सरकत नाही, घटनेवरून पुढच्या घटनेवर उडी मारते. गाडी आली ही एक घटना. काटा मोकळा झाला ही दुसरी. प्रत्येक घटनेला संगणक एवढेच विचारतो: आता रांगेत कोण आहे, काम करणारा मोकळा आहे का, आणि यापुढची घटना कधी?

पाच गाड्या आणि एक काटा घेऊन हाताने करून पाहू. आकडे समजावून सांगण्यासाठी धरलेले आहेत.

पहिली गाडी ८ वाजता आली. काटा मोकळा. १२ मिनिटे लागली, ८.१२ ला सुटली.
दुसरी ८.०४ ला आली. ८ मिनिटे थांबली. ७ मिनिटे लागली, ८.१९ ला सुटली.
तिसरी ८.२० ला आली. थांबावे लागले नाही. १५ मिनिटे लागली, ८.३५ ला सुटली.
चौथी ८.२२ ला आली. १३ मिनिटे थांबली. ६ मिनिटे लागली, ८.४१ ला सुटली.
पाचवी ८.४५ ला आली. थांबावे लागले नाही. १० मिनिटे लागली, ८.५५ ला सुटली.

आता बेरीज करा. ५५ मिनिटांत काट्याने ५० मिनिटे काम केले आणि ५ मिनिटे तो रिकामा राहिला. तरीही गाड्या मिळून २१ मिनिटे थांबल्या. म्हणजे काटा पुरेसा होता, वेळ शिल्लक राहिला, आणि रांगही लागली. हे कसे? कारण गाड्या सारख्या अंतराने येत नाहीत आणि प्रत्येकीला सारखा वेळ लागत नाही. आणि काट्याची रिकामी पाच मिनिटे कणगीत भरून ठेवता येत नाहीत. गर्दी झाली तेव्हा ती काढून वापरता येत नाहीत. ती गेली ती गेली.

खरे केंद्र म्हणजे नुसता काटा नव्हे. फाटकावर पावती, भरल्या गाडीचे वजन, ग्रेडरची पाहणी आणि ओलावा मोजणे, जिनिंगच्या आवारात गाडी रिती करणे, रिकाम्या गाडीचे वजन, काटापट्टी, मग चुकारा. सहा-सात ठिकाणे आणि प्रत्येक ठिकाणी आपली एकेक रांग. ही सगळी माळ संगणकात बसवता येते. दोन गाड्यांमधले अंतर आणि प्रत्येक ठिकाणी लागलेला वेळ हे आकडे खऱ्या नोंदींतून घ्यायचे. संगणक त्या आकड्यांतून चिठ्ठ्या उचलल्यासारखे आकडे उचलतो आणि एक सबंध हंगाम काही क्षणांत चालवतो. मग दुसरा हंगाम, मग तिसरा, असे हजार हंगाम. एका हंगामात नशिबाचा भाग असतो. हजारांत नशीब बाजूला पडते आणि व्यवस्थेचा दोष तेवढा उघडा राहतो.

शेवटच्या चार गाड्या

रांगेचे गणित पहिल्यांदा नीट मांडले ते डेन्मार्कच्या एरलांग यांनी. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत ते नोकरीला होते, आणि १९०९ साली त्यांनी फोनच्या गर्दीवर निबंध लिहिला. पुढे त्यातून निघालेल्या सूत्राने एक साधा हिशेब होतो. काट्यावर एका गाडीला सरासरी १० मिनिटे लागतात असे धरा, म्हणजे ताशी ६ गाड्या. गाड्या वाटेल तेव्हा येतात, आणि कामाला कधी चार मिनिटे तर कधी पंचवीस लागतात. राहिलेल्या गाड्या दुसऱ्या दिवशी रांगेत पुढे. असा गर्दीचा हंगाम बराच काळ चालला, तर सरासरी थांबणे किती?

ताशी ४ गाड्या आल्या तर २० मिनिटे.
ताशी ५ आल्या तर ५० मिनिटे.
ताशी साडेपाच आल्या तर ११० मिनिटे.

आठ तासांचा दिवस धरला, तर ताशी पाच म्हणजे दिवसाला ४० गाड्या आणि साडेपाच म्हणजे ४४. चार गाड्या वाढल्या, दहा टक्के. थांबणे दुपटीहून वाढले. आणि आवक ताशी ६ च्या वर गेली, तर रांगेला शेवटच नाही. ताशी ७ आल्या तर दिवसाअखेर ८ गाड्या उरतात, दहा दिवसांत ८०. अकराव्या दिवशी येणाऱ्या गाडीपुढे दीड दिवसाहून जास्त काम आधीच पडलेले असते.

म्हणून 'आवक फार झाली' हे ऐकले, की विचारावे: किती फार? दीडपट की दहा टक्के? दहा टक्क्यांनी रांग दुप्पट होत असेल, तर दोष दहा टक्क्यांचा नाही. काठोकाठ भरून चालवलेल्या केंद्राचा आहे. केंद्र सुरू करणाऱ्याने सरासरी आवक धरली आणि तेवढ्यापुरताच काटा ठेवला. सरासरी पावसावर पेरणी करणारा शेतकरी कोणी पाहिला आहे काय?

याच उदाहरणात ताशी साडेपाच गाड्यांना दुसरा तसाच काटा उघडला, तर थांबणे ११० मिनिटांवरून तीन मिनिटांच्या आत येते. निम्म्यावर नव्हे, तीन मिनिटांच्या आत. तोही बारमाही नको, गर्दीच्या आठवड्यांपुरता पुरे.

मात्र अडते कोठे, हे आधी काढले पाहिजे. २०१७ च्या तूर खरेदीत ठिकठिकाणी ऐकू येत होते, की बारदाना संपला. जिथे बारदाना नाही, तिथे चार काटे मांडले तरी रांग तसूभर हलणार नाही. कापसात कधी ग्रेडर एकच असतो आणि तो दोन केंद्रांत विभागलेला असतो. कधी आवारातली गंजी उचलली जात नाही म्हणून गाडी रिती करायला जागा नसते. कोठे काय वाढवायचे हे माळ सबंध चालवून पाहिल्याशिवाय कळत नाही. काटा वाढवला तर अडचण गाडी रिती करण्याच्या जागी सरकते. तिथे मजूर वाढवले तर ती काटापट्टीच्या टेबलाशी जाते. नकलेचा खरा उपयोग हा आहे. पैसा कोठे टाकला तर फुकट जाईल, ते ती आधी सांगते.

कोणाचे थांबणे मोजायचे?

आता रेल्वेतला तो फरक आठवावा. नक्कल तेच सांगते, जे तिला विचारले जाते. खरेदी करणाऱ्याने विचारले, की माझा काटा दिवसभर किती वेळ चालू राहिला, तर लांब रांग हे त्याच्या दृष्टीने उत्तम लक्षण ठरते. काटा क्षणभरही रिकामा नाही, ग्रेडर बसून नाही, प्रेस बंद नाही. त्याच केंद्राला शेतकऱ्याने विचारले, की माझी गाडी किती वेळ उभी राहिली, तर तेच केंद्र नापास होते. नक्कल एक, आकडे तेच, निकाल दोन. फरक एवढाच, की ट्रॉलीचे भाडे, सोबतच्या माणसाची मजुरी, घरी राहिलेली वेचणी, रात्रीच्या दवाने वाढलेला ओलावा, हे सगळे आपल्या खात्यावर पडते. कापसात ओलावा ८ टक्के हे प्रमाण. त्यावर १२ पर्यंत कपात, त्याच्यावर गेला तर माल परत. रांगेत उभे ठेवल्याने ओलावा वाढला, तर त्याचीही किंमत उभ्या राहणाऱ्यानेच मोजायची.

पिठाच्या गिरणीवर हा प्रश्न आपल्या बायाबापड्यांनी केव्हाच सोडवला आहे. डबा रांगेत ठेवतात आणि घरी जातात. रांग असते, पण ती डब्यांची. डब्याला भाडे पडत नाही. २०२५ साली भारतीय कपास निगमने 'कपास किसान' हे मोबाइलवरचे अॅप आणले. त्यावर नोंदणी करून माल आणण्याची वेळ ठरवून घ्यायची. कल्पना गिरणीच्या डब्याचीच आहे, आणि चांगली आहे. पण डबा ठेवून जाता येते ते नंबर पाळला जातो या भरवशावर. वेळ दिली आणि त्या वेळी गाडी काट्यावर गेली, तर ती सोय. वेळ दिली आणि तरीही दिवसभर उभे केले, तर रांगा दोन झाल्या: एक मोबाइलमधली, एक रस्त्यावरची. आणि दिलेली वेळच दीड महिन्यानंतरची असेल, तर केंद्राबाहेर रांग दिसणार नाही, ती घरोघर विभागलेली असेल. वर्तमानपत्रात फोटो येणार नाही. उधारी फेडायची असते त्याला तेवढा दम नसतो. तो व्यापाऱ्याकडे जाईल, मिळेल तो भाव घेईल.

रांग सोडून गेलेल्या या माणसाला नकलेच्या शास्त्रात वेगळा हिशेब ठेवतात. सरकारी कागदावर मात्र तो दिसत नाही. २०१७ साली तुरीचा भाव बोनस धरून ५,०५० रुपये क्विंटल होता, आणि खरेदीची मुदत २२ एप्रिलला संपली. बाजारातला भाव त्याहून बराच खाली होता. ज्याला थांबणे परवडले नाही तो खालच्या भावाने विकून मोकळा झाला. तो गेला की रांग छोटी झाली, आणि छोटी रांग पाहून म्हणायचे, परिस्थिती सुधारली! हमीभाव कागदावर सगळ्यांना सारखा असतो. हातात पडताना त्यातून थांबण्याची किंमत वजा होते, आणि ती वजावट गरिबाची जास्त असते. म्हणून रांग हा सोयीगैरसोयीचा विषय नाही, भावाचा विषय आहे.

नॉर्वेची गोष्ट

नकलेची साधने संगणकावर आली ती १९६० च्या आसपास. अमेरिकेत आयबीएम कंपनीतल्या जेफ्री गॉर्डन यांचे साधन १९६१ चे. नॉर्वेत ऑस्लोच्या संगणन केंद्रात क्रिस्टेन न्यूगॉर आणि ओले-योहान डाल यांनी 'सिम्युला' नावाची भाषा रचली. तिची पहिली आवृत्ती १९६५ पासून चालू लागली. आज संगणकाच्या जवळजवळ सगळ्या मोठ्या भाषांत तिचे संस्कार आहेत, आणि या दोघांना त्या क्षेत्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आपल्याला त्या पुरस्काराशी कर्तव्य नाही. पुढे न्यूगॉर यांनी जे केले, त्याच्याशी आहे. कारखान्यांचे मालक सिम्युला वापरून कामाची मांडणी करू लागले, तेव्हा त्यांना दिसले, की आपण केलेल्या साधनाने कामगाराचे काम जास्त यांत्रिक होणार आणि हुकूम फक्त वरून खाली येणार. साधन मालकाच्याच हातात होते, म्हणून प्रश्नही मालकाचेच विचारले जात होते. १९७० च्या सुमारास न्यूगॉर नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम करू लागले. कामगारांनी ही विद्या स्वतः शिकावी, आपल्या कारखान्यात काय आणायचे, काय नाही, यावर स्वतःचे म्हणणे तयार करावे, असा तो उद्योग होता. त्यातून १९७५ पर्यंत कामगार संघटना आणि मालक यांच्यात असे करार झाले, की नवी संगणक यंत्रणा आणण्याआधी कामगारांना तिची माहिती द्यावी लागे आणि त्यांचे म्हणणे ऐकावे लागे. कामगारांनी यंत्रे फोडली नाहीत. त्यांनी गणित शिकून घेतले आणि टेबलापाशी बसले.

हेच न्यूगॉर पुढे युरोपीय संघात जायला नको म्हणणाऱ्या चळवळीचे अध्यक्ष झाले. त्या चळवळीत नॉर्वेचा शेतकरी आणि मच्छीमार पुढे होता. १९९४ च्या सार्वमतात 'नको' म्हणणारे जिंकले. त्यांचे म्हणणे आपल्याला पटो वा न पटो. गणित जाणणारा माणूस चळवळीला वर्ज्य नसतो, एवढा बोध पुरे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप घरचाच. हे संगणकाचे खूळ आपल्याला कशाला? भाव मिळाला की पुरे. खरे आहे. नकलेने भाव एका रुपयाने वाढत नाही. खरेदीदार अनेक असतील, तर एकाच्या दारी रांग दिसली की शेतकरी गाडी दुसऱ्याकडे वळवील, आणि पहिला आपोआप काटा वाढवील. खरा इलाज तोच. पण भाव पडतो त्या वर्षी हमीभावाचे केंद्र हा एकच दरवाजा उघडा असतो. तो किती उघडा आहे, हे मोजावेच लागते.

दुसरा आक्षेप साहेबांचा. 'तुमची नक्कल खरी कशावरून?' प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर शास्त्रातच आहे. नक्कल आधी गेल्या आठवड्याची रांग जशीच्या तशी काढून दाखवते का, ते बघायचे. नोंदीत दुपारी ३ वाजता ३० गाड्या उभ्या असतील आणि नकलेत ८ दिसत असतील, तर कोठे तरी वास्तव सुटले आहे. कदाचित काटा जेवणासाठी दोन तास बंद होता. कदाचित मागून आलेल्या व्यापाऱ्याच्या गाड्या आधी घेतल्या गेल्या. नकलेत सगळे नंबरानेच जातात, म्हणून नंबर सोडून काय झाले ते तिथे उघडे पडते. चुकीची नक्कलसुद्धा अशी उपयोगी पडते. तिला दुरुस्त करता करता केंद्राचे वागणे कळते.

आता काम

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, यासाठी निधी लागत नाही, समिती लागत नाही. एक वही आणि एक घड्याळ लागते.

येत्या हंगामात प्रत्येक केंद्रावर आपल्यापैकी दोघांनी पाळीपाळीने बसावे. प्रत्येक गाडीसमोर सहा रकाने: रांगेत आली केव्हा, फाटकातून आत केव्हा, काट्यावर केव्हा, ग्रेडरने पाहिली केव्हा, रिती झाली केव्हा, काटापट्टी हाती पडली केव्हा. चुकारा खात्यात आला ती तारीख मागाहून घालावी. रांग सोडून गेलेल्या गाडीसमोर 'गेली' असे लिहावे आणि वेळ टाकावी. शेतकऱ्याचे नाव नको, गाडीचा अनुक्रम पुरे. गर्दीचे पंधरा दिवस अशी नोंद झाली, की नकलेला लागणारा सगळा कच्चा माल तयार झाला.

पुढचे काम गावातल्या शिकलेल्या पोरांनी करावे. तालुक्याच्या कॉलेजात पायथन शिकणारा मुलगा किंवा मुलगी आहेच. सिमपाय आणि जामसिम ही नकलेची साधने फुकट मिळतात. आणि तेही नसेल, तर दोन घागरी घ्याव्यात. वहीतले दोन गाड्यांमधले अंतर एकेका चिठ्ठीवर लिहून एका घागरीत टाकावे, काट्यावर लागलेला वेळ दुसरीत. एकेक चिठ्ठी काढावी, लिहून घ्यावी, परत टाकावी, आणि वर पाच गाड्यांचे केले तसे शंभर गाड्यांचे करावे. एका संध्याकाळचे काम आहे. मग दोन काटे धरून पुन्हा करावे. फरक स्वतःच्या डोळ्यांनी दिसला, की सभेत बोलणाऱ्याचा आवाज वेगळा लागतो.

हे आकडे हातात घेऊन तीन मागण्या कराव्यात. एक, केंद्र मंजूर करताना सरासरी नव्हे, गर्दीच्या आठवड्यांची आवक धरावी आणि तेवढ्या दिवसांसाठी काटे आणि ग्रेडर वाढवावेत. दोन, केंद्राच्या फाटकावर रोज लिहावे: आज किती गाड्या आल्या, किती झाल्या, किती उरल्या, शेवटची गाडी किती तास थांबली. तीन, दिलेल्या वेळेनंतर ठरावीक तासांपेक्षा जास्त गाडी उभी राहिली, तर तिचे खोळंबा भाडे खरेदी करणाऱ्याने द्यावे. या तिसऱ्या मागणीवर अडून बसावे. मालाचे डबे वेळेत खाली केले नाहीत, तर रेल्वे व्यापाऱ्याकडून खोळंबा आकार वसूल करते, आणि तो देऊन देऊन व्यापारी डबे झटपट रिकामे करायला शिकला आहे. ज्या दिवशी आपल्या उभ्या गाडीचा खर्च खरेदी करणाऱ्याच्या वहीत पडू लागेल, त्या दिवशी रांगेचे गणित तो स्वतःच मांडील. तोपर्यंत ते आपण मांडायचे.

प्रत्येक तालुक्याने आपली वही पुढच्या जिल्हा मेळाव्याला सोबत आणावी.